मामांचा लवाद

माझ्या मामेसासऱ्यांइतका न्यायनिवाड्यावर जीव असलेला माणूस उभ्या कॅनडात दुसरा सापडायचा नाही. लोकांना हॉकी, म्हणजे इथली बर्फावरची हॉकी, आवडते ती गोलांसाठी, मारामाऱ्यांसाठी, नाहीतर निदान मध्यंतरातल्या हॉट डॉगसाठी. मामांना हॉकी आवडायची ती जुलै महिन्यासाठी. जुलैत हॉकी नसते. खेळाडू आपापल्या तळ्याकाठच्या कॉटेजवर मासे पकडत बसलेले असतात. पण जुलैत पगाराचे लवाद बसतात. ज्या खेळाडूचं आणि क्लबचं पगारावरून जमत नाही, ते दोघं टोरांटोतल्या एखाद्या हॉटेलात एका त्रयस्थ माणसापुढे जाऊन बसतात. खेळाडूचा वकील सांगतो की हा हिरा आहे, क्लबचा वकील सांगतो की हा साधा दगड आहे, आणि तो त्रयस्थ सगळं ऐकून घेऊन आकडा ठरवतो. ह्या प्रकाराला मामा ‘सीझन’ म्हणत. खरा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो हे त्यांना कोणी सांगितलंच, तर हात झटकून म्हणत, “ते काय गं, ती प्रॅक्टिस.”

मी लग्न होऊन किचनरला आले, तेव्हा मामा-मामींचं घर आमच्यापासून गाडीने दहा मिनिटांवर होतं. पहिल्या भेटीत इतर सगळ्यांनी मला प्रवास कसा झाला, थंडी मानवते का, ड्रायव्हिंग येतं का असं विचारलं. मामांनी चहाचा कप बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि विचारलं, “सूनबाई, तू निःपक्षपाती आहेस का?” मी नवी नवरी. ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, “बहुतेक असावी.” तेवढं त्यांना पुरलं. त्या दिवसापासून मी त्या घराची कायमची लवाद झाले. माझ्या नवऱ्याला ते पद मिळणं शक्य नव्हतं, कारण तो मामांचा सख्खा भाचा. त्यांची मुलगी तर उघड उघड आईच्या पक्षाची. घरात नव्याने आलेली, कुणाशी जुनं देणं-घेणं नसलेली अशी मी एकटीच होते.

पहिली केस थर्मोस्टॅटची, म्हणजे घर किती अंशांवर तापवायचं ह्याची. कॅनडातल्या कुठल्याही मराठी घरात हिवाळ्यात नवरा-बायकोत जे काही होतं ते थर्मोस्टॅटवरूनच होतं, पण त्याची रीतसर सुनावणी फक्त मामांच्या घरी होत असे. सुनावणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मामा त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालत. मामी मटार सोलत बसत. मला मधली खुर्ची आणि पहिला चहा. नियम बेसबॉलचा. मामांचं म्हणणं असं की हॉकीतल्या लवादाला दोन्ही आकड्यांच्या मधलं काहीही देता येतं, म्हणून दोन्ही बाजू आपले आकडे फुगवून ठेवतात. बेसबॉलमध्ये तसं नाही. दोघांनी एकेक आकडा सांगायचा आणि लवादाने त्यातला एक जसाच्या तसा उचलायचा. मधलं काही नाही. “जो जास्त ताणेल तो मरेल,” मामा टेबलावर बोट आपटून म्हणाले, “म्हणून माणूस आपोआप शहाण्यासारखा वागतो.” आणि मग स्वतः त्यांनी अठरा अंश मागितले. मामींनी मटाराच्या शेंगेवरून नजर न काढता एकवीस म्हटलं. बाहेर उणे वीस होतं आणि मी अंगात दोन स्वेटर घालून बसले होते. निकाल द्यायला मला फार विचार करावा लागला नाही. मामा हरले, पण असे खूश झाले की उठून त्यांनी मामींशी हस्तांदोलन केलं. पुढच्या हिवाळ्यात ते एकोणीसवर आले, त्याच्या पुढच्या वीसवर. शेवटी अशी वेळ आली, की दोघांच्या मागणीत अर्ध्या अंशाचं अंतर उरलं. तरीही सुनावणी झालीच, कारण मामांनी शर्टाला इस्त्री केली होती.

मामींची बहीण ठाण्याहून आल्यावर किती दिवस राहणार, भाजीत गूळ घालायचा की नाही, बेसमेंटमधला जुना सोफा टाकून द्यायचा की आणखी एक हिवाळा ठेवायचा, असे कितीतरी निवाडे मी त्या टेबलावर दिले. मामी ह्या सगळ्याला विरोध करत नसत. एकदाच, गुळाच्या केसच्या वेळी, त्या जरा वैतागून म्हणाल्या, “अहो, हे आपसात बोलून होत नाही का?”

“आपसात बोललं की ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो,” मामा म्हणाले.

“मग तुमचाच मोठा आहे की!”

“म्हणूनच तर.”

मामी हसल्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. मी मात्र त्या दिवशी मामांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मला एका सकाळी त्यांच्या ड्राइव्हवेवर कळलं. रात्रभर बर्फ पडलं होतं आणि आम्ही दोघं शोव्हल करत होतो. मामा सत्तरच्या दशकात इंजिनिअर होऊन इथे आले. ती डिग्री कुणी विचारली नाही, म्हणून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागले. काम चोख. पण बढतीची वेळ आली की ती दुसऱ्याच कुणाला मिळायची, फोरमनबरोबर शनिवारी गोल्फ खेळणाऱ्याला. “मी पण बोलून पाहिलं,” मामा फावड्याला रेलून म्हणाले. “पण वाटाघाटी करायला जीभ लागते. माझी जीभ सांगलीची. मी ‘प्रमोशन’ म्हटलं की तो ‘पार्डन?’ म्हणायचा.” शेवटी युनियनने ती तक्रार लवादाकडे नेली. एक म्हातारा गोरा गृहस्थ आला, त्याने मामांना आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांचं नाव त्याने दर वेळी निराळ्या तऱ्हेने चुकीचं उच्चारलं, आणि निकाल मात्र मामांच्या बाजूने दिला. “मला हसावं लागलं नाही, मस्का लावावा लागला नाही, गोल्फ शिकावं लागलं नाही,” मामा म्हणाले. “काम बोललं. परका माणूस न्याय देतो गं. ओळखीचा माणूस फेवर करतो.” असं म्हणून त्यांनी एवढा मोठा ढीग उचलून फेकला की तो थेट शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन पडला. त्यावरून पुन्हा एक केस होता होता राहिली.

मुलगी शिकायला बाहेर पडली आणि वरची खोली रिकामी झाली, तेव्हा त्या घरात डिलन आला. इथे लहान शहरांतून ज्युनिअर हॉकीचे संघ असतात. दूरदूरच्या गावांतून सोळा-सतरा वर्षांचे खेळाडू येतात आणि गावातल्या कुटुंबांकडे राहतात. अशा कुटुंबाला बिलेट फॅमिली म्हणतात. खेळाडूला जेवू-खाऊ घालायचं, शाळेत जातो की नाही ते पाहायचं आणि मॅच हरला तर त्याच्याशी बोलायचं नाही, एवढीच अपेक्षा. डिलन उत्तर ओंटारिओतल्या एका खाणीच्या गावचा. दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि लाजाळू इतका की पहिले काही दिवस मामींना वाटलं ह्याला बोलताच येत नाही. मग एकदा त्यांनी त्याला तूप घातलेला वरणभात दिला. तो पातेलं रिकामं होईपर्यंत खात राहिला आणि शेवटी म्हणाला, “इज देअर मोअर ऑफ द यलो?” मामींनी त्याला त्या क्षणी पोटाशी धरला. त्या त्याला डिलू म्हणू लागल्या.

आम्ही सगळे त्यांना मामा-मामी म्हणायचो, म्हणून तोही म्हणायला लागला. इंग्रजी कानाला मामा म्हणजे आई आणि मामी म्हणजेही आईच. त्याच्या संघात अशी बातमी पसरली की डिलनला किचनरमध्ये दोन आया आहेत. त्या दोन आया पहिल्यांदा मॅच बघायला आल्या, तेव्हा त्यातल्या एकीला टक्कल आणि भरघोस मिशी असल्याचं पाहून अख्खी बेंच उलटीपालटी झाली. तेव्हापासून मामा रिंकमध्ये शिरले की ती पोरं काठ्या आपटून “माऽऽमा! माऽऽमा!” असा गजर करत. मामा गंभीर चेहऱ्याने हात वर करून तो स्वीकारत.

डिलनलाही लवाद लागू झाला. झोपायची वेळ काय, हा मुद्दा होता. मामींनी त्याचं वकीलपत्र घेतलं. मामांनी साडेनऊ मागितले. मला वाटलं पोरगा आता अकरा म्हणणार आणि मरणार. पण तो बराच वेळ मामांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “टेन.” त्याच्या कोचची सक्तीही दहाचीच होती. मी अर्थातच दहा दिले. मामांना आपला पराभव एवढा आवडला की त्यांनी त्याला खांद्याला धरून सांगितलं, आपल्याला काय हवंय ते सगळेच ओळखतात, समोरचा काय मागणार ते ज्याला ओळखता येतं तो खरा. डिलनने ते मनापासून ऐकलं. आईबापांपासून एवढ्या लांब आलेला पोरगा तो. त्याच्याशी इतक्या आदराने भांडणारं माणूस त्याला आधी कुणी भेटलं नसावं.

तो तीन-चार वर्षं त्या घरात राहिला आणि मग एका मोठ्या क्लबने त्याला घेतलं. शहराचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे आमचे नातेवाईक आहेत आणि ते त्या क्लबचे भक्त आहेत. किचनरपासून गाडीने काही तासांचं अंतर. डिलनला तो क्लब अतोनात आवडला. तिथे त्याने घर घेतलं, तिथलीच एक शाळाशिक्षिका त्याला भेटली, साखरपुडा झाला. क्लबचा असिस्टंट मॅनेजर त्या साखरपुड्यात नाचला होता. मामीही नाचल्या होत्या, मी फोटो पाहिलेत. मग पहिला करार संपला आणि पगाराचं जमेना. क्लब म्हणत होता, आम्ही देतो त्यात चार-पाच वर्षांचा करार कर आणि निवांत राहा. त्याचा एजंट म्हणत होता, लवादाकडे गेलास तर एका वर्षाचाच पगार ठरेल, पण तो बराच जास्त ठरेल. जुलै लागला आणि डिलन सल्ला विचारायला किचनरच्या त्या टेबलापाशी येऊन बसला.

मामींनी त्याच्या पानात पोळी वाढली आणि म्हणाल्या, “घेऊन टाक रे बाळा. जे देतात त्यात सुखाने राहा. तिथे जाऊन बसलास की ते तुझ्याबद्दल नाही नाही ते बोलतील.” हे त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, पण डिलनला त्यांचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं कळायचं.

“बोलू दे की,” मामा म्हणाले. “खरं असलं तर सुधारेल, खोटं असलं तर लवाद ओळखेल. पगार हा हक्क आहे. तो लाडाने कशाला घ्यायचा?”

डिलनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ही केस माझ्या हद्दीतली नाही.” तो हसला, पोळी संपवली, आणि जाताना मामांना म्हणाला की मी तुमचं ऐकतो.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं टोरांटोला निघालो. मी गाडी चालवत होते, मामींच्या मांडीवर थालीपीठांचा डबा होता, आणि मामांनी लग्नातला वाटावा असा सूट घातला होता. आयुष्यभर ज्याच्याबद्दल पेपरात वाचलं ते आज प्रत्यक्ष घडणार होतं. आत जायची परवानगी आम्हाला असणं शक्य नव्हतं, पण हॉटेलच्या लॉबीत बसायला कोण अडवतंय? मामा ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पिकल्या केसांच्या माणसाकडे निरखून बघत होते. एक उंच, शांत चेहऱ्याचा गृहस्थ ब्रीफकेस घेऊन आला, तेव्हा मामांनी माझा हात दाबला. “तोच लवाद. चेहऱ्यावर न्याय दिसतो बघ.” थोड्या वेळाने तो गृहस्थ मामींच्या शेजारी येऊन बसला. तो कार्पेट विकणाऱ्यांच्या कन्व्हेन्शनला आलेला निघाला आणि मामींकडून त्याने अर्धं थालीपीठही खाल्लं.

सुनावणीची वेळ जवळ आली आणि डिलन एकटाच लॉबीत आला. नवा टाय, घाम आलेला. कॉफीच्या मशिनपाशी क्लबची माणसं आणि त्याचा एजंट बोलत होते, म्हणाला. क्लब आणखी थोडा वर आला होता. मागितलं होतं तेवढं नाही, पण वाईटही नाही. “एकदा आत जाऊन बसलो की मग तडजोडीचं दार बंद,” तो म्हणाला. “आत्ता सांगायचंय. मामा?”

मामी म्हणाल्या, “घे.”

मामांनी त्याचा टाय सरळ केला. “आत जा,” ते म्हणाले. “घाबरू नकोस. तिथे बसलेला माणूस कुणाचा कुणी नाही.”

डिलन आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. मामींनी डबा उघडला. त्याने थालीपीठ हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मामांनी विचारलं, “कसं झालं?” तो म्हणाला, आमच्या बाजूने चांगलं झालं, वकील चांगली होती. मग त्याने सांगितलं, क्लबच्या वतीने बोलायला तो साखरपुड्यात नाचलेला असिस्टंट मॅनेजरही होता. त्यांनी पडद्यावर खेळाचे तुकडे दाखवले. कोपऱ्यात पकसाठी, म्हणजे त्या रबरी चकतीसाठी, झोंबायची वेळ आली की हा अंग काढून घेतो, असं दाखवायला. “ती प्लेऑफची मॅच होती,” डिलन म्हणाला. “माझा खांदा दुखावला होता. मी स्वतःहून खेळलो होतो, संघाला गरज होती म्हणून. त्यांना माहीत होतं, मामा. हात वर होत नव्हता म्हणून त्या दिवशी त्या मॅनेजरनेच मला जॅकेट चढवलं होतं.”

“मग तुझ्या वकीलबाईने सांगितलं की नाही?”

“सांगितलं. लवादाने मान डोलावली.”

“मग झालं तर!”

“हो,” डिलन म्हणाला. “झालं.”

दोन दिवसांत निकाल आला. आकडा डिलनच्या मागणीच्या अगदी जवळचा होता. मामा जिंकले होते. पण ते फोनवर अभिनंदन करून आले, तेव्हा त्यांनी टीव्हीही लावला नाही.

खरं तर त्यांचा उत्साह मावळला होता तो टोरांटोहून परत येतानाच. चारशे एक नंबरच्या हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. मामा पुढच्या सीटवर सूटमध्ये बसले होते आणि एकदम म्हणाले, “माझ्या केसमध्ये फोरमन काय बोलला होता, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.” मामी मागून पुढे वाकल्या. “तो म्हणाला, ह्याला वर चढवलं तर लाइनवरच्या माणसांना ह्याचं बोलणं कळणार नाही, आणि ती ह्याला हसतील. मी समोर बसलो होतो. ती माणसं रोज माझ्याबरोबर डबा खायची.” पुढची गाडी हलली, मीही हलले. “निकालपत्रातला एक शब्द आज मला आठवत नाही,” मामा म्हणाले. “आणि हे वाक्य मात्र पाठ आहे. पोराला आत पाठवताना कसं आठवलं नाही कुणास ठाऊक.”

मामींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

त्या वेळी माझ्यापुढे एक केस पडून होती, आणि ती मला अजिबात नको होती. मामींचे गुडघे जिने चढू देत नव्हते. त्यांना किचनरचं घर विकून टोरांटोजवळ मार्कहॅमला, मुलीजवळ, कॉन्डोत, म्हणजे लिफ्टवाल्या इमारतीतल्या फ्लॅटात, जायचं होतं. मामांना घर सोडायचं नव्हतं. गुळावर निकाल देणं निराळं आणि हे निराळं. दोघांमधल्या एकाचं म्हणणं जसंच्या तसं उचलायचं, मधलं काही नाही, असा तो नियम. सुनावणी पुढच्या रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मामा एकटेच आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट नव्हता.

“केस मागे घेतो,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “का हो मामा? तुमची बाजू कमजोर वाटते?”

“कमजोर? पक्की आहे!” क्षणभर जुने मामा परत आले. मग ते खुर्चीत बसले. “मी काय म्हणणार होतो सांगू? हिला मोठ्या शहरात एकटीला जमणार नाही. गाडी चालवत नाही, हल्ली विसरते, मागे गॅस चालू ठेवून बाहेर गेली होती. हे सगळं तुझ्यासमोर, तिच्यासमोर म्हणणार होतो. आणि तू माझ्या बाजूने निकाल दिलाही असतास.” ते हाताकडे बघत राहिले. “मग त्यानंतर तिने मला चहा कसा द्यायचा?”

त्या उन्हाळ्यात दोघं मागच्या डेकवर बसून बोलत राहिले. मी मध्येमध्ये जायची, आणि मला बघितलं की दोघं गप्प व्हायचे. माझं तिथे आता काही काम उरलं नव्हतं. काय घासाघीस झाली ते मला कधी नीट कळलं नाही. बातमी आली ती एवढीच, की मार्कहॅमचा कॉन्डो ठरला. बाल्कनी मोठी, स्वयंपाकघराला दार, आणि मामांनी आपलं बर्फाचं फावडं बरोबर न्यायचं, अशी एक अट मामींनी मान्य केली होती. कॉन्डोत बर्फ काढायला बिल्डिंगची माणसं असतात. फावडं बेसमेंटच्या लॉकरमध्ये गेलं. मामांची एकच तक्रार होती: “आपसात ठरवलं की नेमकं कोण जिंकलं तेच कळत नाही गं.”

डिलनचं पुढचं वर्ष काही चांगलं गेलं नाही. खेळायचा, पण कुठेतरी हात राखून. असिस्टंट मॅनेजर समोर आला की दोघंही फोन बघायला लागायचे, असं तो मामींना म्हणाला होता. पुढच्या उन्हाळ्यात क्लबने त्याला पार पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन टाकलं. त्याची शिक्षिका बायको नोकरी सोडून बरोबर गेली, घर विकलं. आमचे ते भक्त नातेवाईक म्हणाले, पैशाच्या मागे लागणारा खेळाडू गेला ते बरंच झालं. मामांनी त्या नातेवाइकांना दिवाळीचा फोन करणं बंद केलं.

मग गेल्या हिवाळ्यात डिलनचा नवा संघ त्या जुन्या शहरात खेळायला आला आणि त्याने आम्हाला तिकिटं पाठवली. मी मार्कहॅमला जाऊन दोघांना घेतलं. मामा आता बरेच वाकले आहेत, आणि कानाचं तर विचारू नका. मशीन लावतात, पण गर्दीत त्याची शिट्टी वाजते म्हणून काढून खिशात ठेवतात. खेळ सुरू झाला. डिलनच्या काठीला पक लागला आणि सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं. खालपासून छतापर्यंत, हजारो माणसं हात उंचावून, तोंडाचे भोंगे करून त्याची हुर्यो उडवत होती. पक त्याच्याकडून गेला की शांत, आला की पुन्हा तेच. मामींनी माझा हात घट्ट धरला. मामा पुढे सरकून बसले. त्यांचा चेहरा उजळत गेला. तेही उभे राहिले, तेही हात उंचावून ओरडायला लागले, “डिलू! डिलू!” शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि सरकून बसला.

मॅच संपल्यावर मागच्या पार्किंगमध्ये, जिथे खेळाडूंची बस उभी असते तिथे, डिलन आम्हाला भेटायला आला. ओले केस, दाढीत दोन-चार पांढरे झालेले. तो वाकला आणि त्याने मामांना मिठी मारली. मामा त्याच्या दोन्ही दंडांना धरून जोरजोरात सांगायला लागले. ऐकू येत नसलं की माणूस मोठ्याने बोलतो.

“मी घाबरलो होतो रे! मला वाटलं माझ्यामुळे ही माणसं तुला दुरावली. पण पाहिलंस ना? तुझ्याकडे पक आला की अख्खं शहर उठून ओरडत होतं! अजून विसरले नाहीत तुला!”

डिलनने मामांच्या डोक्यावरून मामींकडे पाहिलं. मामींनी नुसती ‘नको’ अशी मान हलवली, अगदी थोडी. मग तो मामांच्या कानाशी वाकला.

“हो मामा,” तो म्हणाला, “ऐकलं मी. सगळं ऐकलं.”

मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बस सुरू झाली, तो गेला. आम्ही गाडीपर्यंत हळूहळू चालत आलो. दोन्ही बाजूंनी मी आणि मामी, मध्ये मामा. बर्फ भुरभुरत होतं. गाडीत बसल्यावर मामींनी त्यांच्या पायांवर ब्लँकेट घातलं, मफलर नीट केला, आणि मार्कहॅमपर्यंत ते आपले मधूनमधून स्वतःशीच म्हणत राहिले, “काय ओरडत होते गं लोक. काय ओरडत होते.”